बुबूच्या डोळ्यांची खबरबात

११ ऑगस्ट

तुला,

वर 'प्रिय' लिहिलं नाही म्हणून रागावू नकोस. लिहू की नको यात चहा थंड झाला, म्हणून तसंच पुढे आले. फोन का केला नाही असं विचारशील, तर आपण दोघं फोनवर बोलायला लागलो की तिसऱ्या वाक्याला भांडतो. कागदावर निदान तुला मध्ये बोलता येत नाही.

घाबरू नकोस, बुबू बरी आहे. तिला चष्मा लागलाय ते तिने तुला तेव्हाच रविवारच्या फोनवर सांगितलं असेल. रंग निळा, काड्यांवर ठिपके, हेही सांगितलं असेल. पण तो लागला कसा हे तिने सांगितलं नसणार. फेब्रुवारीतल्या उन्हात एक दिवस शाळा सुटल्यावर ती फाटकातून धावत आली आणि लाल छत्रीवाल्या एका बाईला जाऊन बिलगली. "आई, आज ना…" असं सुरूही झालं तिचं. त्या बाई बिचाऱ्या हसल्या. लाल छत्री माझ्याकडेही होती, आणि मी त्यांच्या मागे चार पावलांवर उभी होते. आठ वर्षांच्या पोरीला चार पावलांवरची आई ओळखू येऊ नये! मी पण हसले. घरी येऊन मग हसू आलं नाही.

तेव्हा कोपऱ्यावरच्या दुकानातून चष्मा घेतला. मला वाटलं, झालं काम. आपल्या दोघांचं आयुष्य भिंगांमागेच गेलं, त्यात काय एवढं? पण सहा महिन्यांत तो चष्मा अपुरा पडायला लागला, म्हणून मुलांच्या डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि वेगवेगळ्या यंत्रांसमोर बुबूला बसवलं. एका यंत्रात सरळ रस्ता आणि त्याच्या टोकाला घर दिसतं. बुबू म्हणाली, "त्या घरात कोण राहतं?" बाई म्हणाल्या, "जो हनुवटी हलवत नाही तो." त्यानंतर पठ्ठी पुतळ्यासारखी बसली.

मग बाईंनी मला समजावलं. "नंबर हा नुसता आकडा नसतो हो. डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत चाललाय, वयाला शोभेल त्यापेक्षा भराभर. लांबलेला डोळा परत आखूड होत नाही. पण त्याचं धावणं आपण चालण्यावर आणू शकतो. तिची उंची वाढतेय तोवरच ही संधी आहे."

पुढे त्यांनी आईवडिलांचे नंबर विचारले. माझा उणे सात सांगितला. तुझा विचारल्यावर म्हटलं, "त्यांना चष्मा नाही."

"कधीच नव्हता?"

"होता. लेझर करून घालवला."

"आधी किती होता?"

तिथे माझी गाडी अडली. तुझ्या चहातली साखर, तुझ्या बुटांचं माप, सगळं तोंडपाठ आहे, पण उजवा डोळा नऊ की डावा, काही केल्या आठवेना. बाईंनी पेन खाली ठेवलं. "ते डोळ्यांचा आतला पडदा तपासून घेतात ना दर वर्षी?" मी म्हटलं, "माहीत नाही. आम्ही एकत्र राहत नाही." त्यांच्या मदतनीस मुलीने मान वर केली आणि लगेच खाली घातली.

तर दोन कामं आहेत. एक, तुझे जुने नंबर कळव. दुसरं, पडदा तपासून घे. लेझरने डोळ्याची पुढची काच तासली जाते, मागचा लांबलेला डोळा तसाच राहतो, आणि ताणलेल्या डोळ्याच्या आतला पडदा पातळ झालेला असू शकतो. हे माझं नाही, बाईंचं म्हणणं.

बुबूच्या बाहुल्या मोठ्या व्हायची वाट बघत आम्ही बाकावर बसलो होतो, तेव्हा मला दुसरा एक बाक आठवला. तिथेही असेच थेंब घालून मी डोळे मिटून बसले होते आणि शेजारून कुणीतरी विचारलं, "तुमचा नंबर किती?" मी म्हटलं, "पहिल्याच भेटीत बाईमाणसाला नंबर विचारतात?" तू म्हणालास, "चष्म्याचा विचारतोय. फोनचा नंतर विचारणार आहे." तेव्हा मी चष्म्याचा सांगितला. मग आपण बाहेर आलो तर उन्हात दोघांनाही बसची पाटी वाचता येईना. तू छातीठोकपणे म्हणालास, "हीच." ती आपल्याला थेट आगारात घेऊन गेली, आणि तिथे बसची फेरी संपवून, कपबशी हातात घेऊन तुझे वडीलच उभे! "अरे, ही कोण?" म्हणाले. तुला माझं नाव कुठे माहीत होतं? तू म्हणालास, "उणे सात."

अप्पा अजून ते सगळ्यांना सांगतात. अप्पा अर्थात इथेच आहेत. त्यांचं म्हणणं, घर तू सोडलंस, त्यांनी नाही.

— बुबूची आई


६ सप्टेंबर

तुला,

नंबर मिळाले. उत्तर पत्राने येईल असं मला वाटलं होतं, पण तू बुबूच्या तोंडी निरोप पाठवलास. फोन ठेवून ती ओरडत आली, "बाबा उजवा नऊ, डावा साडेआठ! आई, तू हरलीस!" ठीक आहे, या शर्यतीत मला हरायला आवडेल.

पडद्याचं काय, ते मात्र निरोपात नव्हतं.

इथे उपचार सुरू झालेत. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. तपासणीच्या थेंबांसारखेच, पण अगदी पातळ केलेले. चष्म्याची काचही बदलली. दिसायला साधीच, पण मधल्या भागाभोवती बारीक नक्षी असते, आणि म्हणे तिच्यामुळे डोळ्याला लांबायचा हुकूम कमी मिळतो. रात्री घालून झोपायच्या लेन्सचाही पर्याय होता, पण बुबूच्या डोळ्यात बोट घालणं म्हणजे मांजरीला आंघोळ घालणं. तिसरी गोष्ट, रोज दोन तास उघड्यावर, उजेडात. आणि वाचताना पुस्तक नाकाला चिकटवायचं नाही, मध्ये मध्ये मान वर करून लांब बघायचं.

यातलं अवघड काय असेल असं तुला वाटतं? थेंब नाहीत. अवघड होते अप्पा.

त्यांचं पहिलं वाक्य, "आमच्या घराण्यात चष्मा नव्हता." मी म्हटलं, "अप्पा, तुमच्या मुलाला नऊ नंबर होता." ते म्हणाले, "तो अभ्यासाने आला. घराण्याने नाही." त्यांच्या मते चष्मा म्हणजे कुबडी, एकदा घेतली की पाय आळशी होणार. मी हसून सोडून दिलं. पण बुबूला रोज संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर ते नेत होते, आणि तिथे पोचल्यावर चष्मा काढून स्वतःच्या खिशात ठेवत होते. "डोळे जरा मोकळे सोड, ताकद येईल." बुबूला ते दोघांचं गुपित वाटलं, म्हणून तीही बोलली नाही.

मागच्या मंगळवारी चेंडूमागे धावताना ती हलत्या झोपाळ्यावर आदळली. भुवई फुटली. टाके पडले. डोळा वाचला, अगदी थोडक्यात. तुला तेव्हाच कळवलं नाही, कारण तू तिथून काय करणार होतास?

दवाखान्यात अप्पा भिंतीशी उभे होते, शर्टावर रक्त. मला म्हणाले, "पोरी, तीस वर्षं बस चालवली मी. एक कोंबडी चाकाखाली आली नाही माझ्या. आणि घरची नात…" मी चिडलेली होते, खोटं कशाला सांगू, पण त्यांच्याकडे बघून माझा राग जागच्या जागी विरला. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून म्हणाले, "तुझ्या त्या डॉक्टरीणबाईंना मला भेटायचंय."

बाई छान बोलल्या त्यांच्याशी. "आजोबा, चष्म्यानं नंबर वाढत नाही आणि चष्मा काढून उतरत नाही. काही लोक मुद्दाम कमी नंबरचा देतात, त्यानंही फायदा नाही. पण तुमचं अर्धं काम अगदी बरोबर आहे."

"कुठलं अर्धं?"

"रोज बाहेर नेता ते. निम्मे आईवडील तेवढंही करत नाहीत."

अप्पांनी मान ताठ केली. "दोन तास ना? ते माझ्याकडे लागलं." आता रोज ते दारात उभे राहून ओरडतात, "गाडी सुटतेय!" आणि बुबू बुटात पाय कोंबत धावते. चष्मा नाकावर, वर दोरीने मानेला बांधलेला. ती दोरी अप्पांनीच विणली. विणकाम त्यांना येतं हे तुला माहीत होतं का? मला नव्हतं.

— बुबूची आई


२३ नोव्हेंबर

तुला,

तुझं पत्र आलं. चार ओळी, त्यातली एक पडद्याबद्दल. "माझे डोळे आता गरुडाचे आहेत, काळजी नको." वाचून मी तो कागद चुरगळला, मग परत सरळ केला, कारण मागच्या बाजूला तू बुबूसाठी पुलाचं चित्र काढलं होतंस. ते तिने तिच्या पलंगाशी लावलंय. गरुडाची बाजू भिंतीकडे आहे.

तुझ्या लेझरचा दिवस मला आठवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तू खिडकीशी उभा राहून समोरच्या इमारतीवरची पाटी वाचत होतास, मोठ्याने, पहिलीतल्या मुलासारखा. मग वळून माझ्याकडे बघत राहिलास आणि म्हणालास, "तुझ्या नाकावर दोन खड्डे पडलेत चष्म्याचे." इतकी वर्षं संसार केल्यावर! मी हसले होते. तूही हसलास. किती आनंदात होतास तू. त्यानंतर तुला सगळं लांबचंच दिसायला लागलं, असं मी एकदा रागात म्हणाले होते, तू परगावचं पूल बांधायचं काम मला न विचारता घेतलंस त्या दिवशी. ते वाक्य मी आज पुन्हा म्हणणार नाही. काम चांगलं होतं. मला विचारायला हवं होतंस, एवढंच.

मला तो आधीचा तू जास्त आठवतोस, याला माझा इलाज नाही. समुद्रावर आपण गेलो होतो, लग्नानंतर पहिल्यांदाच, आणि तू लाटेला पाठ करून माझ्याशी बढाया मारत होतास. लाट आली आणि तुझा चष्मा घेऊन गेली. दुसरा आणलेला नव्हता. त्या गावात चष्म्याचं एकच दुकान, तेही बंद. परत येईपर्यंत तू माझा हात धरून चालत होतास. जेवणाच्या टेबलावर कुठल्या वाटीत काय आहे ते मी सांगायचे. मुद्दाम चुकीचं सांगायचे, आणि तू लोणचं भाजी समजून मोठा घास घेतलास! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत आपण हसलो. सूर्य बुडताना तू विचारलंस, "कसा दिसतोय?" मी वर्णन करत बसले आणि तू समुद्राकडे न बघता माझ्याकडे बघत होतास. म्हणालास, "एवढं जवळचं मला चष्म्याशिवायही दिसतं."

काल बुबूने वाचताना मान वर करून विचारलं, "आई, मी फार वाचलं म्हणून डोळा लांब झाला का?" मी म्हटलं, "वाचलंस म्हणून नाही. फार जवळून, न थांबता, आणि बाहेर न जाता वाचलंस म्हणून थोडा. आणि थोडा आमच्याकडून आला. तुझं नाक बाबाचं आहे ना, तसं." तिने विचार केला. "मग बाबाचा डोळा पण तपासायला हवा. माझा तपासतात तसा." मी तिला काही शिकवून ठेवलेलं नव्हतं, शपथ.

दिवाणखान्यात बसून मुद्रितं तपासता तपासता मी हे लिहितेय. दुसऱ्याच्या चुका शोधणं हा माझा धंदाच आहे, असं तू म्हणायचास. तर ही चूक शोधून देतेय. घरचा डॉक्टर असताना औषध न घेणारा माणूस मी पाहिलाय, पण फुकटची तपासणी टाळणारा गरुड पहिल्यांदाच बघतेय. तुमच्या कामावर दवाखाना आहे, तिथून चिठ्ठी मिळते, हे तूच कधी तरी सांगितलं होतंस. कधी डोळ्यासमोर काळे ठिपके, उजेडाचे झोत दिसले, तर त्याच दिवशी जा. ठिपके नसले तरी जा.

— बुबूची आई


१८ जानेवारी

प्रिय,

काल दुपारी अप्पा फोन ठेवून स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात त्यांची सुई आणि लोकर तशीच. म्हणाले, "पडद्याला भोक होतं म्हणे पोराच्या." ते 'होतं' म्हणाले, 'आहे' नाही म्हणाले, तेवढं माझ्या कानांनी नीट ऐकलं आणि मी हातातली पालकाची जुडी खाली ठेवली. मग त्यांनी सगळं सांगितलं. सकाळी पुलावर तुला काळे ठिपके दिसायला लागले, सिमेंटची धूळ समजून तू डोळे धुतलेस. मग कडेला वीज चमकल्यासारखं झालं. मग तू हातातलं काम दुसऱ्याला देऊन निघालास.

तिथले डॉक्टर म्हणाले म्हणे, आठवडाभर उशीर झाला असता तर पडदा सुटला असता. लेझरने भोकाभोवती शिवण घातली, आता दर काही महिन्यांनी दाखवायचं. मी अप्पांना विचारलं, "मला का नाही सांगितलं त्याने?" अप्पा म्हणाले, "तू 'मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणशील म्हणून घाबरतोय."

नाही म्हणणार. म्हणावंसं वाटतंय खूप, पण नाही म्हणणार.

खरं सांगू, मला रागही येत नाहीये. काल संध्याकाळपासून मला आपली पहिली खोली आठवतेय. ती एका खिडकीची. उशाला फळी, फळीवर दोन चष्मे. सकाळी ज्याला आपला आधी सापडेल त्याने दुसऱ्याचा शोधून द्यायचा, असा आपला नियम होता. तू कितीदा माझाच घालून उठायचास आणि दाराच्या चौकटीवर आपटायचास. मी झोपेत हसायचे. तेव्हा आपल्याकडे काहीच धड नव्हतं आणि कुणालाच काही धड दिसत नव्हतं, पण दुसरा कुठे आहे हे मात्र दोघांना कळायचं. काल तुझा डोळा तिकडे शिवला जात होता आणि मला कळलंसुद्धा नाही. मी इथे पालक निवडत होते.

तुझा तो जाड काचांचा जुना चष्मा माझ्याकडे आहे. बुबूला खेळायला ठेवलाय, असं मी सगळ्यांना सांगते.

बुबूला मी सांगितलं. तिने विचारलं, "बाबाला रडू आलं होतं का?" मी म्हटलं, तूच विचार. तर रविवारी ती विचारेल. खोटं सांगू नकोस तिला.

विश्रांती घे. वजन उचलू नकोस, डॉक्टर परवानगी देईपर्यंत. आणि एकट्याने दवाखान्यात जात जाऊ नकोस. थेंब घातल्यावर बसच्या पाट्या वाचता येत नाहीत, हे आपल्याला माहीत आहे.

— मी


९ सप्टेंबर

प्रिय,

आधी बातमी, कारण तू तिचीच वाट बघत असशील. काल वर्षाची तपासणी झाली. अप्पाही आले होते, इस्त्रीच्या शर्टात. डॉक्टरीणबाईंनी संगणकावर दोन रेषा दाखवल्या. एक, काही केलं नसतं तर तिच्यासारख्या मुलींचा डोळा साधारण जसा लांबला असता ती. दुसरी बुबूची. बुबूची रेषाही चढतेच आहे, पण पहिल्या रेषेच्या खालून, सावकाश, दमलेल्या माणसाने जिना चढावा तशी. नंबर जेमतेम पाव वाढला. आधी सहा महिन्यांत सव्वा वाढला होता.

अप्पा म्हणाले, "म्हणजे थांबला नाही?"

"नाही थांबला, आजोबा. मंदावलाय. आणि मंदावला म्हणजे ती मोठी होईल तेव्हा तिला आईवडिलांएवढा नंबर बहुधा असणार नाही. तिचा पडदा त्या मानाने सुरक्षित राहील. आम्हाला एवढंच हवं असतं."

"आणि हे अजून किती दिवस?"

"काही वर्षं."

"चालेल," अप्पा म्हणाले, जणू त्यांनाच कुणी नोकरीवर घेतलं होतं.

तू सुट्टीत आलास ते दोन आठवडे या घरात किती आवाज होता, ते तू गेल्यावर कळलं. अप्पांच्या खोलीत झोपलास, दोघंही घोरता, आणि सकाळी दोघंही दुसऱ्याचं नाव सांगता. दोन तासांची ड्यूटी अप्पांकडून तू घेतलीस. मी गॅलरीतून बघायचे. तू सायकलची सीट धरून धावत होतास आणि बुबू ओरडत होती, "सोड! सोडू नको! सोड!" मग तू सोडलीस. ती मैदानाच्या टोकापर्यंत गेली, वळली आणि तिथून हात हलवला. माझ्याकडे, गॅलरीकडे. तेवढ्या लांबून तिने मला ओळखलं. मग मी आत निघून गेले, ते डोळ्यांत काही गेलं म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी तू भांडी विसळत होतास आणि मी पुसत होते. तू नळाकडे बघतच म्हणालास, "इकडच्या कामावर बदली मागता येईल. मागू का?" या वेळी विचारलंस. मी हातातला पेला पुसत राहिले, पुसून झालेलाच. मग बुबू आली, मग अप्पा आले, आणि ते राहूनच गेलं. तू परत विचारलं नाहीस. स्टेशनवरही नाही. फोनवर मला सांगता आलं असतं, पण आपलं ठरलंय ना, तिसरं वाक्य.

तर सांगते. बदली माग.

सगळं पूर्वीसारखं होईल असं समजून मागू नकोस. पूर्वीचं मला आवडतं, मी ते आठवत बसते, हे या पत्रांवरून तुला कळलंच असेल. पण ती खोली आता दुसऱ्या कुणाची तरी आहे आणि आपण दोघं तेव्हाचे राहिलेलो नाही. मला विचारून निर्णय घेणारा नवरा मी अजून पुरेसा पाहिलेला नाही. एकदाच पाहिलाय, भांडी विसळताना. थोडा आणखी बघायचाय.

आमच्या वरच्या मजल्यावरचं बिऱ्हाड पुढच्या महिन्यात जातंय. घरमालकिणीशी मी बोलून ठेवलंय, म्हणाल्या, "येऊ देत की, आमची काय हरकत!" एक खोली, छोटं स्वयंपाकघर, खिडकी मैदानाकडे. तू तिथे राहा. मध्ये एक जिना राहू दे. भांडण झालं तर तू वर जाशील आणि मी खाली राहीन, आणि सकाळी चहाला कुणी कुणाला हाक मारायची ते ज्या त्या दिवशी बघू. अप्पांनी आत्ताच जाहीर केलंय की ते खालीच राहणार, वर चढून त्यांचे गुडघे दुखतात. बुबूने मात्र वर जाऊन खिडकीची जागा अडवून ठेवली आहे. तिथे बसून ती वाचणार आणि मध्ये मध्ये बाहेर बघणार. त्या खिडकीसाठी तुला भांडायचं असेल तर तिच्याशी भांड. माझ्याशी भांडायला तुला पुढे वेळ मिळेल.

कधी येतोस ते कळव. या वेळी फोन केलास तरी चालेल.

— तुझी उणे सात